झडपेवरचा गोळा

५ ऑक्टोबर, मालवण
आज पोस्टात रुजू झाले. सांगलीहून निघताना आई रडली, पण मला हे गाव आल्याआल्याच आवडलं. खोली तुळसाकाकींच्या माडीवर. खिडकीतून बंदर दिसतं, होड्या लागल्या की लिलावाचा ओरडा ऐकू येतो. दुपारी काकींनी बांगड्याचं तिखलं वाढलं. दाढ दुखत होती, तरी एका बाजूने चावत तीन भाकऱ्या खाल्ल्या.

११ ऑक्टोबर
दाढ काढून घेतली. लहानपणच्या सांधेतापात हृदयाची एक झडप बिघडलीय, हे दाताच्या डॉक्टरांना सांगायचं राहूनच गेलं. दहा मिनिटांचं तर काम.

२ नोव्हेंबर
पंधरा दिवस रोज संध्याकाळी ताप. शेवटी काकींनीच रिक्षात घालून दवाखान्यात आणलं. प्राजक्ता मॅडम इथल्या डॉक्टर. त्यांनी पडद्यावर माझी झडप दाखवली. दाढेच्या जखमेतून रक्तात शिरलेल्या जंतूंचा दीड सेंटिमीटरचा गोळा तिच्यावर लोंबतोय, दर ठोक्याला फडफडतो. तुटला तर, मी विचारलं. त्या म्हणाल्या, म्हणूनच ऑपरेशन लगेच हवं.

४ नोव्हेंबर
कोल्हापूरहून सर्जन आले, डॉ. गुरुदास. त्यांचं म्हणणं उलट. जंतू जिवंत असताना नवी झडप बसवली तर तीही नासायची भीती. दहा दिवस औषध देऊ, मग बघू. मॅडम ऐकेनात. शेवटी दोघांनी माझ्याकडे पाहिलं. छाती कापून घ्यायला माझं मन धजेना. थांबू, मी म्हणाले. सहीही केली.

९ नोव्हेंबर, दुपार
डाव्या पायाचं बोट काळंनिळं पडलंय. गोळ्याचा तुकडा सुटून तिथे अडकला. आता सर्जनही म्हणतात, उद्याच. मॅडमनी स्पष्ट सांगितलं — पुढचा तुकडा मेंदूत गेला आणि तिथे रक्तस्राव झाला, तर महिनाभर ऑपरेशन करता येणार नाही. केलं तर रक्त पातळ करायच्या औषधाने तो रक्तस्राव वाढून टेबलावरच जीव जाईल.
गोळा हलू नये म्हणून खोकलासुद्धा दाबून पडलेय. काकींनी हात धरला. "भियाव नको गो, मी आसंय मगे."

१० नोव्हेंबर, सकाळ
ऑपरेशनसाठी कोल्हापूरला न्यायला गाडी आलीय. डोकं ठणकतंय. मघाशी काकींना हाक मारायला गेले, तर नाव — नावच आठवेना. खाली राहतात त्या. मासे वाढतात.
मॅडमना सांगितलं तर ऑपरेशन लांबेल. गोळा तिथेच राहील, महिनाभर. नाही सांगणार.

स्ट्रेचर आणलं. उजवा हात जड — नाही, सांगायलाच हवं — मॅडम समोर आहेत, विचारतायत काहीतरी — तोंडातून नुसता आवाज —
लिहून दाखवते. मॅडम नेऊ नका माझ्या डोक्यात र