बांधावरची नावे

१४ मार्च १९७९, संध्याकाळ

बाबांना जाऊन तेरा दिवस झाले. उद्या मोजणीवाले येणार. त्यांच्या नकाशात आमचा पाडा नाहीच, नुसते 'खाजण', म्हणजे खारी पडीक जमीन, असे लिहिले आहे. खाडी अडवणाऱ्या बांधाचा जो तुकडा ज्याने राखला, त्याचेच नाव त्या तुकड्याला. ती नावे बाबांना पाठ होती. मी कधी विचारली नाहीत. हेच दिवसभर टोचत होते.

"आता मोजणीवाल्यांना ती नावे कोण सांगणार?" मी आईला म्हटले.

"लिव. माती काय तुज्या बापसानी येकल्यानी टाकली?"

डोळे मिटून, बांधावरून चालल्यासारखी ती एकेक नाव सांगत गेली. एकदाही अडखळली नाही. मध्येच म्हणाली, "हिराचा बांद."

हिरा म्हणजे आईच.

"तू पोटात व्हतास तवा फुटलेला. भरतीच्या आत मी भरला."

ते नाव लिहायला मला बराच वेळ लागला.