बोट ठेवून वाचता येईल असं बायबल

३ सप्टेंबर २०११, अर्जुनी मोरगाव

ताईचा फोन आला. आठ वर्षांनी. "अहो, तुमच्या ताईंचा," म्हणत शालिनीनं फोन माझ्या हातात दिला आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

ताई थेट मुद्द्यावर आली. साखरेनं उजवा डोळा गेला. डावाही फार टिकायचा नाही, असं डॉक्टर म्हणतात. तिला बायबल पाहिजे, रोज आरामात वाचता येईल असं. चर्चवाल्यांनी दिलंय त्यात अक्षरं मुंगीएवढी.

"तुले पुस्तकाची पारख आहे बाबू. दिसून राहिलं तोवर वाचून घ्याचं आहे."

मला सांगते! देवाविरुद्ध चाळीस वर्षं माइक धरलेल्या माणसाला. बरं म्हणालो.

४ सप्टें.

छप्पन साली धम्मदीक्षा घेऊन बापानं देव घराबाहेर काढले. चौथीनंतर ताईची शाळा सुटली, कारण एकालाच शिकवणं जमत होतं. तो एक मी. विधवा झाल्यावर ती चिचगडात चर्चला जाऊ लागली. तिथल्याच सभेत मी त्यावर बोललो. एका पिंजऱ्यातून दुसऱ्यात जाणारी माणसं, वगैरे. टाळ्या पुष्कळ. ताई बायकांच्या तिसऱ्या रांगेत होती. मला दिसत होती. तरी बोलत राहिलो. तेव्हापासून तिच्या दारात गेलो नाही.

९ सप्टें.

रेल्वेनं गोंदिया. पुस्तकवाला ओळखीचा. बायबल मागितल्यावर चष्मा काढून बघत राहिला. "गुरुजी, आप? कोई भाषण है क्या?" बहिणीसाठी, म्हणालो. त्याच्याकडे हिंदीच होतं. ताईला हिंदी बाजारापुरती येते.

परतताना डब्यात विचार केला. ती ओळीखाली बोट ठेवून वाचते. म्हणजे नुसतं अक्षर मोठं असून भागणार नाही, ओळीही मोकळ्या हव्यात. नाहीतर बोट खालच्या ओळीवर घसरतं.

१४ सप्टें.

नागपूर. दुकानात दोन तास. चार प्रती मांडल्या, मोठ्यानं वाचून पाहिल्या. गिऱ्हाइकं ऐकत उभी राहिली, माझी सभेची सवय वाईट. एकीचा कागद इतका पातळ की मागच्या पानावरचं दिसतं. एकीत दोन अरुंद रकाने, शब्द मध्येच तोडलेले. नव्या सोप्या मराठीतली मला आवडली, पण ताईच्या कानात जुनं भाषांतर बसलंय. वाद माझ्याशीच झाला. वाचणार ती आहे, मी नाही. जुनंच घेतलं, सगळ्यांत मोठ्या अक्षरांतलं. वजन पाट्यासारखं.

१८ सप्टें., रविवार

दोन बस बदलून चिचगड. ताई दारात उभी होती, वाळलेली. "केस काऊन रंगवून राहिला? भाषण केसानं करतो का?" एवढंच.

चहा झाला. ती खाटेवर आडवी झाली, पुस्तक छातीवर घेतलं, वाचायला लागली. विहिरीवर परजातीच्या बाईकडे पाणी मागितल्याची गोष्ट. खणखणीत आवाज, कुठं अडखळणं नाही. मला बरं वाटलं.

मग तिच्या बोटाकडे लक्ष गेलं. बोट हलत नव्हतं; पुस्तक एवढं जड की तिला डोळ्यांसमोर धरवत नव्हतं. गोष्ट संपत आली तरी पान तेच, आणि त्या पानावर ती गोष्ट नव्हतीच. पाठ होतं ते. माझी दोन तासांची यातायात वाया जाऊ नये म्हणून वाचल्यासारखं करत होती.

मीही "छान" म्हणालो. निघताना पाया पडलो. असलं मी करत नाही.

२० सप्टें.

शा.ला त्या न हलणाऱ्या बोटाचं सांगितलं होतं. आज शा.नं कपाटाकडे बोट दाखवलं. "तुमचं आहे ना ते? त्यात तर अक्षरं ठसठशीत आहेत."

माझी प्रत. तरुणपणी वादविवादासाठी जुन्या बाजारातून घेतलेली. एकच रुंद रकाना, जाड कागद, मोकळ्या ओळी, वजन बेताचं, मांडीवर उघडली की पसरून राहते. तसली आता कुणी छापत नाही. भाषांतर तेच जुनं.

आणि समासांत माझी पेन्सिल. तीस वर्षांची. "पुरावा?" "खोटं." "मग गरिबानं किती थांबायचं?" पानोपानी.

२१ सप्टें.

खोडरबर आणला. खोडायला बसलो.

२५ सप्टें.

आज मध्येच हात थांबला. ताईनं धर्म बदलल्याचं कळलं त्या दिवशी मी याच पुस्तकात कुठेतरी लिहिलं होतं: आजपासून मला बहीण नाही. रागात, पेन्सिल दाबून. लिहिलेलं आठवतं, पान आठवत नाही. विहिरीच्या गोष्टीजवळ असेल असं वाटलं. नाही.

२९ सप्टें.

पूर्ण पुस्तक दोनदा चाळलं. सापडत नाही. पेन्सिल पुसट, माझेही डोळे साठीचे. शा.लाही दाखवलं. ती म्हणाली, सगळं खोडून होईस्तोवर थांबलात तर वाचायला तिला डोळा उरेल का?

शंभरेक पानं खोडून झालीत. हजारावर बाकी.

१६ ऑक्टो., रविवार

धम्मचक्र दिनाची भाषणं आटोपली. एका कार्यकर्त्याला पिशवीत पुस्तक दिसलं. "गुरुजी, आता कुणाची धुलाई?" माझीच, म्हणालो. तो हसला.

चिचगडला जाताना बसमध्ये वाक्य तयार केलं होतं: ताई, यात तुझ्याविषयी एक वाईट ओळ आहे, मला सापडली नाही. दहा हजारांपुढे न अडखळणारा मी. प्रत्यक्षात म्हणालो, "पेन्सिलीचं वाचू नको."

"वाचू नको म्हणतोस, मंग आधी तेच वाचतो."

मांडीवर उघडलं. बोट ओळीखाली सरकू लागलं, हळूहळू, अडखळत. हे खरं वाचणं. मग बोट समासात गेलं.

"पुरावा. हे कोणाले इचारलंस?"

"लिहिणाऱ्याला."

"मंग त्यानं सांगतलं का?"

दोघंही हसलो. पुढं एका पानावर बोट थांबलं. गरिबानं किती थांबायचं, ते तिथं होतं. दोनदा वाचलं.

"हे तर मीबी इचारतो त्याले. रोज."

भाषणात मी याला उत्तर देतो. बाकीचं पुढल्या खेपेला खोडून देतो म्हणालो. तिनं पुस्तक पदराखाली घेतलं. नको म्हणाली, तेवढाच तू घरात बोलून राहशील.

२३ ऑक्टो.

फोन केला. रोज दुपारी वाचते. पहिल्यापासून का, विचारलं. नाही, जिथं उघडेल तिथं.

म्हणजे ती ओळ कधीही समोर येईल.

२९ ऑक्टो.

शा. म्हणते, सांगून टाका. दोनदा फोन लावला. एकदा साखरेच्या गोळ्यांवर बोललो, एकदा धानावर.

३ नोव्हें.

आज ताईनंच फोन केला. रविवारी ये म्हणाली. एका पानापाशी आली आहे, ते माझ्यासमोर वाचायचं आहे.

कोणतं, विचारलं.

"ये तर आधी."

आवाजावरून काही कळलं नाही. सभेचा कल मला श्रोत्यांच्या खोकल्यावरून कळतो. हिचा एवढा ओळखीचा आवाज, आणि कळलं नाही.

शा.ला सांगितलं. तिनं डब्याला काय देऊ विचारलं. रविवारी सकाळची पहिली बस धरतो.