अडीच हजारांत बाथरूम

१५ एप्रिल १९८४, रविवार. सकाळी ७
निर्णय झाला. मोरी आणि संडास यांच्यामधली भिंत पाडून एकच मोठं बाथरूम. कमोडसकट. बजेट अडीच हजार, वर एक पैसा नाही. मुदत १५ मे, वैशाख पौर्णिमा.

कारण नोंदवून ठेवतो. गुरुवारी आई मोरीत पाय घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. यापुढे उकिडवं बसणं बंद, महिन्याने घरी न्या, असं डॉक्टरांनी सांगितलंय. मोरीतली फरशी शेवाळली आहे हे सावित्रीने दिवाळीपासून चारदा सांगितलं होतं म्हणे. मला दोनदाच आठवतं.

सावित्री दवाखान्यातून आली. “अहो, तुम्ही कधी येताय?” म्हणाली. नकाशा झाला की लगेच.

१७ एप्रिल
नकाशा झाला. ग्राफ पेपरवर, तीन रंगांत. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात, टाइम ऑफिसात मी हजार माणसांची हजेरी चुकू देत नाही. सहा बाय आठची खोली ती काय! आमच्या सिव्हिल विभागाच्या साहेबांना दाखवला. ते हसले. कौतुकाचंच हसू असावं.

२२ एप्रिल, रविवार
भिकन मिस्त्री आला. जयभीम झाला, चहा झाला. नकाशा त्याने आधी उलटा धरला. मग म्हणाला, “साहेब, म्हातारीसाठीच करायचंय ना? मग भिंत कशाला पाडता? संडासात कमोड बसवू, धरायला भिंतीत एक नळी ठोकू, खाली खरबरीत फरशी. आठवड्यात मोकळे.”

या लोकांना दूरदृष्टी नसते. प्लॅन फायनल आहे, असं स्पष्ट सांगितलं.

आज दवाखान्यात जायचं होतं. पण मिस्त्रीबरोबर मोजमापं घ्यायला मालक हजर नको?

२६ एप्रिल
भिंत पडली. तिच्यात पाण्याचा पाइप होता. नकाशात नव्हता. स्वयंपाकघरात घोटाभर पाणी. त्यात उन्हाळा, नळाला एकच वेळ पाणी. उद्यापर्यंत घागरी कोरड्या. सावित्री पोतेरं घेऊन पाणी टिपत बसली.

संडास बंद. शेजारच्या आक्काबाई म्हणाल्या, “आमच्याकडे या की, आपलंच घर.” माणसं चांगली आहेत.

३० एप्रिल
टाइल्स आणल्या. गेलो होतो खरबरीत फरशी बघायला. पण त्या पांढऱ्याशुभ्र ग्लेझ टाइल्स! तोंड दिसतं त्यांच्यात. दुकानदार म्हणाला, या भिंतीला लावायच्या. मी खालीही त्याच घेतल्या. मॅचिंग.

अडीच हजार हे आता मूळ बजेट. सुधारित बजेट तीन हजार सातशे. धरायची नळी दुसऱ्या टप्प्यात.

सावित्रीने टाइलवरून ओलं बोट फिरवलं. “आई यावर चालणार?” एवढंच म्हणाली.

सवय होईल.

४ मे
भिकनशी वाजलं. त्याचं म्हणणं, माझ्या नकाशाप्रमाणे उतार दिला तर पाणी जाळीकडे न जाता दाराकडे येईल. मी म्हटलं, नकाशात आहे तसं कर. त्याने केलं. फरशी बसवली, थापी धुतली आणि म्हणाला, “देवळ्याला भाचीचं लग्न आहे, साहेब. आता काही माझं येणं होत नाही.”

बरंच झालं. पुढचं मी स्वतः करणार. सोमवारपासून रजा टाकली आहे. सावित्री लगेच, “मग उद्या दवाखान्यात चला.” उद्या कमोड आणायचा आहे. एकाच दिवसात माणूस किती ठिकाणी जाणार?

९ मे
अंबडहून माझी बहीण रंगूताई आली. दवाखान्यातून थेट. चपला न काढता दारातच उभी राहिली. म्हणाली, “आई दिवसभर दाराकडे बघत असते. निवृत्ती, सत्तावीस दिवस झाले.”

मी तिला टाइल्स दाखवल्या. कमोडची क्वालिटी सांगितली. फ्लशची टाकी तेवढी राहिली आहे, म्हटलं. ती चहा न घेता गेली.

बायका फार भावनाप्रधान.

१२ मे
कमोड बसवला, फ्लशची टाकी जोडली. पांढरं सिमेंट भरलं. किंचित डुगडुगतो, पण वाळल्यावर घट्ट होईल. निदान तीन दिवस कोणी बसायचं नाही.

आक्काबाईंच्या संडासाला आज कुलूप. पाहुणे आलेत म्हणे. आवाज तर एकाही पाहुण्याचा येत नाही. पहाटे आम्ही दोघं डबे घेऊन कॉलनीच्या सार्वजनिक संडासाकडे. सावित्री माझ्यापासून दहा पावलं पुढे चालत होती.

सुधारित बजेट रद्द. आता बजेट लिहीत नाही.

१४ मे
चाचणी. चार बादल्या ओतल्या. पाणी क्षणभर थांबलं, जणू विचार करत होतं, आणि शांतपणे दाराकडे निघालं. तिथून स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्याखाली. सावित्रीने डबा उचलून ओट्यावर ठेवला.

मी बादल्या एकदम ओतल्या, हे चुकलं. हळू ओतलं तर चालेल. आई हळूच ओतेल.

१५ मे, वैशाख पौर्णिमा. दुपारी २
साडेदहाला रिक्षा आली. रंगूताई, भाऊजी, मध्ये आई. मी फरशीवर गोणपाटं अंथरली होती. सावित्रीने आणि ताईने आईला दोन्हीकडून धरून बाथरूमच्या दारापर्यंत आणलं. आई चौकटीला हात टेकून आत बघत राहिली.

“लय पांढरं हाय,” म्हणाली.

मी फ्लश ओढून दाखवला. कमोडखालून पाणी आलं, गोणपाट भिजलं. मी पायाने सरकवलं, तर घसरून कमोडवरच आदळलो. कमोड बुडातून हलला.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

आई म्हणाली, “बाळा, लागलं का रं?” नाही म्हटलं. मग म्हणाली, “दवाखान्यात का नाय आला?”

“काम चालू होतं, आई. तुझ्यासाठीच.”

“मला वाटलं, डाक्टरनं तुला काय वंगाळ सांगितलं. मी काय आता वाचत नाय. म्हनून पोरगा तोंड दाखवीत नाय.” पुढे म्हणाली, “महिनाभर मी रोज मरायची तयारी करत व्हते.”

रिक्षा उभीच होती. आईला ताईकडे अंबडला नेलं. सावित्रीही पिशवी घेऊन गेली.

दुपारी ३
पाणी लोटतो आहे. आणखी काही लिहिण्यासारखं नाही.

१६ मे. अंबड
सकाळच्या बसने आलो. भाऊजींनी जुन्या लाकडी खुर्चीच्या बैठकीला भोक पाडून ती संडासाच्या भांड्यावर ठेवली आहे. एका संध्याकाळचं काम. मी नीट पाहिली. डुगडुगत नाही.

आई झोपली होती. उशाशी बसलो. दवाखान्यात जाऊन तिला त्या अवस्थेत बघण्याची छाती नव्हती. माझ्या शेवाळलेल्या फरशीने तिचं हाड मोडलं. एवढं एक वाक्य लिहायला मला महिना लागला.

ती उठली. संडासला जायचं होतं. सावित्री पुढे झाली, मग थांबली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “काखेत हात घालून धरा.” धरलं. आईने माझे दोन्ही खांदे पकडले. फार हलकी झाली आहे.

रजेचे दोन दिवस उरलेत. वाढवून घेणार. अर्जात कारण काय लिहायचं, ते अजून सुचलेलं नाही.