उताराला आडवे दगड

शेळगाव

प्रिय प्रतिक्षा,

घरापासून रस्त्यापर्यंतचा उतार आता तुला ओळखू येणार नाही. माती अडावी म्हणून मी त्यावर आडव्या दगडांच्या चार ताली, म्हणजे बांध, घातल्या. तुझ्या सोनबामामाला कऱ्हाटीहून बोलावून घेतलं आणि या वयात दगड बसवायला शिकलो. तालींच्या कडेला वाळ्याची ठोंबं आणि कोरफड लावली. एकदा मुळं धरली की पाणी नको, खत नको, रोजची देखभाल नको. नर्सरीवाला लॉनसाठी मागे लागला होता. त्याला म्हटलं, मला स्वतःचा चहा धड जमत नाही, त्या लॉनचे लाड कोण करणार?

खरं तर हे काम तुझ्या आईचं. तिच्या माहेरी मेंढरं होती, माळावर वाढली, पाणी उतारावर कसं पळतं हे तिला न सांगता कळायचं. मी पडलो ऊसवाला. शेवंती लावायची म्हणून घरापासून खालपर्यंत उभ्या सऱ्या ओढल्या. ती म्हणाली, "आवं, सरी आडवी घ्या. न्हायतर समदी माती खाली जाईल." मी हसलो. मेंढरांमागं फिरणाऱ्यांनी ऊसवाल्याला पाणी शिकवू नये, असंही बोललो. चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

ती जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून तू या घरी आली नाहीस. फोनवर रजा नाही म्हणतेस, पण कारण मला ठाऊक आहे. त्या सकाळी तू डबा विसरलीस, खाली एसटी थांबलेली, तू हाक मारलीस आणि ती डबा घेऊन धावत उतरली. पाय घसरला, डोकं रस्त्यालगतच्या दगडी पायरीवर आपटलं. दहाव्याला तू सगळ्यांदेखत रडत म्हणालीस, मी हाक मारली नसती तर आई वाचली असती. मी शेजारीच बसलो होतो. गप्प राहिलो.

ती धावली म्हणून पडली नाही, बाळा. तुझ्या हाकेला ती जन्मभर धावली, कधी पडली नाही. आदल्या संध्याकाळी मी सऱ्यांना पाणी सोडलं होतं. माती वाहून पायवाटेवर आली होती. सकाळी तो चिखल मी पाहिला होता आणि न्याहारी करून काढू म्हटलं होतं. हे दोन वर्षं मी कुणाला सांगितलं नाही, तुझ्या माथी दोष राहू दिला. मला लाज वाटते. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, पण घरी ये. पायवाट आता कोरडी असते.

तुझाच,
आप्पा