बेचाळीस डॉक्टर आणि मी

३ मार्च
आजपासून हॉस्पिटलचा डिजिटल प्रमुख. काम सोपं. इथल्या बेचाळीस डॉक्टरांना आपल्या नव्या ऑनलाइन मंचावर आणायचं. तिथे त्यांनी केसेसवर, नव्या तंत्रज्ञानावर चर्चा करायची. डायरेक्टरनी तीन महिने दिले. मी म्हणालो, तीन आठवडे पुरे. डॉक्टर म्हणजे तरुणपणी पास केलेली एक परीक्षा जन्मभर पुरवून खाणारी जमात. दोन प्रेझेंटेशनमध्ये सरळ होतील.

६ मार्च
पहिली मीटिंग. सात आले. त्यातले दोघं डबा खायला. स्लाइड्स ऐंशी. बाराव्या स्लाइडला भूलतज्ज्ञ स्वतःच झोपला. चष्मा दोरीला बांधून फिरणाऱ्या बुजुर्ग सर्जनने विचारलं, याने माझ्या दाराबाहेरची गर्दी कमी होईल का? म्हणालो, सर, गर्दीच्या पलीकडे बघा. ते उठून खरंच बघायला गेले. परत आले नाहीत. व्हिजन नाही हो या लोकांना.

११ मार्च
सदस्य : चार. एक मी. एक बायको. ती म्हणते, दिवसाला नऊ नोटिफिकेशन्स येतात, नऊच्या नऊ तुझ्याच. घरात कौतुक नाहीच.

१४ मार्च, दुपारी
बालरोगतज्ज्ञ बाईंनी न विचारता व्हिडिओ टाकला. जुलाब होणाऱ्या बाळाला मीठ-साखरेचं पाणी कसं पाजायचं. चाळीस सेकंद. मागे कुणाचं तरी पोर भोकाड पसरलेलं, लोगोचा पत्ता नाही. काढून टाकला. जागी माझा 'आरोग्याची डिजिटल पहाट', बावीस मिनिटं. व्ह्यूज अकरा. नऊ माझे, पण मन लावून पाहिलेले.
बाईंचा फोन आला. ब्रँडिंग म्हणजे काय ते समजावलं. 'बरं' म्हणाल्या. समजावलं की कळतं त्यांना, हळूहळू.

२१ मार्च
पहिली केस! आमच्या लांबच्या शाखेतल्या तरुण डॉक्टरीणबाईंची. सहा वर्षांचा मुलगा, पाच दिवस ताप, अंगावर पुरळ, डोळे लाल. मंजुरीसाठी माझ्याकडे आली. शीर्षक नाही, हॅशटॅग नाही, 'तातडीचं' मात्र दोनदा. ही सवय लागली तर उद्या सगळेच घाई करतील. परत पाठवली. लिहिलं, शीर्षक जरा आकर्षक करा.

२२ मार्च
शाखेतल्या बाईंचं उत्तर नाही. निष्काळजीपणाची कमाल. आठवण पाठवली, स्मायलीसकट.

२४ मार्च
डायरेक्टरनी बोलावलं. सर्जन आणि बालरोगबाई आधीच बसलेले. कळलं ते असं. डॉक्टरांचा मोबाइलवर स्वतःचा ग्रुप आहे. सहा वर्षं झाली. बाहेरचे धरून तीनशे डॉक्टर. चालवतात ते दोरीवाले सर्जन. माझ्याकडून परत आलेली केस तरुण बाईंनी तिथे टाकली. चार मिनिटांत बालरोगबाईंनी ओळखली. हृदयाच्या रक्तवाहिन्या सुजवणारा आजार, उशीर झाला तर कायमची इजा. त्याच संध्याकाळी मुलाला इथे आणून औषध सुरू केलं. धोका टळला.
विचारलं, मग या ग्रुपबद्दल मला कुणी सांगितलं का नाही?
सर्जन शांतपणे म्हणाले, "तुम्ही विचारलं नाहीत. तुम्ही बोलत होतात."
म्हणालो, म्हणजे डॉक्टरांना ऑनलाइन मंचाची गरज आहे हे माझं म्हणणं सिद्धच झालं! कुणी हसलंसुद्धा नाही.
येताना वॉर्डच्या काचेतून तो मुलगा दिसला. कॉटवर पाय हलवत बसला होता. थांबायचं नाही असं ठरवलं होतं. बराच वेळ थांबलो.

२८ मार्च
मंच बंद. माझी नेमणूक नोंदणीच्या मशीनपाशी, पेशंटना बटणं दाखवायला. थेट लोकांशी संबंध. एका अर्थी बढतीच. टाय लावून गेलो.
पहिल्याच आजींनी मला डॉक्टर समजून जीभ बाहेर काढली. मी 'नाही' म्हटलं नाही. वाकून पाहिली. गुलाबी होती. डावीकडून पाहिली, उजवीकडून पाहिली. मागचे लोक कुरकुरायला लागले. शेवटी म्हणालो, आजी, मला यातलं काही कळत नाही. आत दाखवा.
आजींनी जीभ आत घेतली. म्हणाल्या, "हे आधी सांगायला काय झालं होतं?"