पद्मिनीची ममाय

शुगर लँड, टेक्सास
जानेवारी १९८६

सॅतुर्निनाबाई,

तुम्हाला मराठी येत नाही, मला क्वेचुआ येत नाही. मधे फक्त माझी मुलगी पद्मिनी, आणि हे तिच्या तोंडून तुम्हाला सांगणं मला जमणार नाही. म्हणून पत्र पाठवणार नाही.

वर्षभर बोलिव्हियात तुमच्या घरी राहून तिनं शेतीचा अभ्यास केला. काल तिनं स्लाइड्स दाखवल्या. डोंगराला पायऱ्या कापून केलेली शेतं, थंडीत गोठवलेले बटाटे आणि त्यातलं पाणी काढायला ते अनवाणी तुडवत हसणाऱ्या तुम्ही दोघी. माझ्या स्वयंपाकघरात ती पाच मिनिटं थांबत नाही.

"ही माझी ममाय," ती म्हणाली. ममाय म्हणजे 'माझी आई', हे तिनं मला इंग्लिशमध्ये समजावलं. जन्मल्यापासून मी तिच्याशी मराठीत बोलते, ती इंग्लिशमध्ये उत्तर देते. तुमची भाषा मात्र वर्षात शिकली. मला जेवण गेलं नाही.

मग कळलं, तिकडे तिला टायफॉइड झाला होता.

"मला का नाही कळवलंस?"

"यू वुड हॅव वरीड, मॉम. ममायनं सगळं केलं."

"मग मी कशाला हवे?"

ती अडखळत मराठीत म्हणाली, "तापात मी आई, आई करत होते. ममायला मीनिंग माहीत नव्हतं. पण एव्हरी टाइम ती 'हो' म्हणायची."

सॅतुर्निनाबाई, तुमचे पाय धरावेत असं वाटतं. पण हाक तिनं मला मारली होती आणि ओ तुम्ही दिलीत, हे काही केल्या सोसत नाही.

तिची आई,
सुलेखा