बाबांचा गुरुवार

१२ मार्च, गुरुवार

प्रिय ताई,

तू, भाऊजी आणि सासूबाई बरे असाल असं धरून चालते. फोनवर तू 'बघू' म्हणून विषय संपवतेस, म्हणून लिहितेय. आईचे गुडघे कुरकुरतायत. वरच्या मजल्यावरच्या बाई पुन्हा नळ उघडा ठेवून बाहेर गेल्या, आपल्या छताला नवा डाग पडलाय. बाबांच्या हाताला थोडं लागलंय, काळजी करू नकोस.

चर्चमधला माझा संध्याकाळचा वर्ग चालू आहे. बाबा मागच्या बाकावर हाताची घडी घालून बसतात, घरातली पहिली पदवीधर बोलते म्हणून. माझ्या पदवीच्या फ्रेमला त्यांनी आपल्या काचेच्या दुकानातली सगळ्यात भारी काच लावलीय. आई म्हणते, त्यात कागद कमी आणि आपलंच तोंड जास्त दिसतं.

उपवासकाळ लागला तसा मी विषय घेतला, आपला उपवास आला कुठून. म्हटलं, येशू यहुदी होता, त्याचे शिष्यही. तो रानात चाळीस दिवस उपाशी राहिला हे ऐकून लोकांना डोंगरावर तितकेच दिवस उपाशी राहिलेला मोशेच आठवला असणार. उपाशी राहून पश्चात्ताप करायचा, गरिबाला द्यायचं, हे आपण त्यांच्याकडूनच घेतलं. धार्मिक यहुदी सोमवारी आणि गुरुवारी उपास धरायचे. आपल्या सुरुवातीच्या मंडळींना सांगण्यात आलं, तुम्ही बुधवारी आणि शुक्रवारी धरा. वेगळं दिसायचं म्हणून वार बदलले, पण आठवड्यातले दोन दिवस तसेच ठेवले!

वर्ग हसला. बाबा हसले नाहीत.

खरं सांगू? तो धडा मी वर्गासाठी नाही, त्यांच्यासाठीच तयार केला होता.

घरी येताना त्यांनी विचारलं, "तिच्या सासरी अजून धरतात?"

तुझं यहुदी घरात लग्न झाल्यापासून त्यांनी तुझा विषय पहिल्यांदाच काढला. मी जपून म्हटलं, "सासूबाई धरतात."

"आणि ती?"

मी हो म्हणाले. धरतेस ना गं? मला खात्री नव्हती.

पुढच्या गुरुवारी त्यांनी ताट बाजूला सरकवलं. मग सोमवारी. बुधवार, शुक्रवार होतेच. आई माझ्यावर उखडली, "आधी दोन वार होते, तुझ्या पदवीने चार केले!"

आता ते हाताचं. थोडं नाही लागलेलं, ताई. या सोमवारी काच कापताना त्यांची साखर उतरली आणि ते काचेवरच कोसळले. मनगटाला टाके घातलेत. डॉक्टर म्हणाले, शीर थोडक्यात वाचली. तरी आज मधुमेहाची गोळी घेतली आणि न्याहारी परत पाठवली.

मी सांगून पाहिलं, की यहुद्यांमध्ये आजाऱ्याने खायलाच हवं, अगदी प्रायश्चित्ताच्या मोठ्या दिवशीसुद्धा, जीव आधी. आपल्या फादरांनीही बजावलं. बाबा मला म्हणाले, "तू पुस्तकातलं सांगतेस. ती उपाशी असते त्या दिवशी मला घास उतरत नाही. त्याचं आहे का काही पुस्तकात?"



दमले गं मी. तू म्हणतेस, त्यांनी बोलावलं तरच येईन. ते तोंड उघडत नाहीत. मी आपली मध्ये निरोप वाहतेय. शिकलं की माणसं एकमेकांजवळ आणता येतील असं मला वाटायचं. अजूनही वाटतं, फक्त आज अंगात बळ नाही.

ते बोलावणार नाहीत, ताई. त्यांना एवढंच करता येतंय.

हे पत्र शनिवारपर्यंत तुला मिळेल. सोमवारी सकाळी ये. काही समजावू नकोस, माफी मागू नकोस, मागायला लावू नकोस. त्यांच्यासमोर बस आणि आधी तू खा. उपास धरत असलीस तर त्या दिवशी मोड. सासूबाईंना खरं कारण सांग, त्या अडवणार नाहीत.

तुमच्याकडे तारे दिसल्यावर उपास सोडतात, हेही बाबांनी माझ्याकडून काढून घेतलं. आत्ता ते खिडकीशी उभे आहेत, पट्टी बांधलेला हात छातीशी धरून. आई सूप पुन्हा गरम करतेय.

बाहेर नुसते ढग आहेत.

वाट बघणाऱ्या तिघांतली,
धाकटी